तुझ्या हातावर चालणारी मोटर

बाय, तुझ्या अस्थी घेऊन निघालेल्या होडीत मी आनंदानं ओरडले. तिथं तुला दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगते.

मडकं लाल फडक्यात बांधून तुझ्या भावाच्या मांडीवर ठेवलं होतं. त्याच्या शेजारी तुझा राजोडीचा दीर, समोर त्याची बायको शेवंती. मागून गावातल्या दोन होड्या येत होत्या. मी मोटरच्या दांडीवर होते. अर्नाळा किल्ल्याच्या कोपऱ्याला वळसा घातला, रेस वाढवली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पळली! बाय, पळली बघ!" पाण्यावर आवाज किती लांब जातो ते तुला सांगायला नको. मागच्या होड्यांतली माणसं उभी राहून बघायला लागली. शेवंतीनं पदर तोंडाला लावला. तुझा दीर म्हणाला, "वयनी, जरा तरी लाज धरा."

तेव्हापासून गावात माणसं माझ्याशी जरा थांबून बोलतात. नणंद गेली म्हणून भावजय खूश झाली, असं नळावर कुणीतरी म्हणालं, आणि ते माझ्यापर्यंत आलंच. नणंद-भावजय म्हटल्यावर लोकांना पुढचं सांगावं लागत नाही. मीही कुणाला समजावत बसले नाही. समजावायचं तर मोटरपासून सुरुवात करावी लागली असती, आणि मोटरपासून सुरुवात केली की शेवटी तुझ्या हातापाशी यावं लागतं. तिथं माझी मान खाली जाते.

आपलं दोघींचं काही गोडीगुलाबीचं नव्हतं. मी लग्न होऊन अर्नाळ्यात आले तेव्हा तू आधीच नवरा गमावून माहेरी परत आलेली होतीस, आणि चूल तुझ्या ताब्यात होती. मी कालवण उतरवलं की तू येऊन झाकण काढायचीस आणि वरून चिंच पिळायचीस. माझ्यासमोर, एक शब्द न बोलता. मी पण एक शब्द न बोलता ते ताटात वाढायची. अशी किती वर्षं गेली. एकदा कडाक्याचं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, पण आपल्यात तेवढं पण बोलणं नव्हतं.

मग तुझ्या भावाची पाठ गेली. होडी वाळूवर ओढताना कंबरेत काहीतरी सटकलं आणि डॉक्टरांनी समुद्र बंद केला. होडी अंगणात उलटी पडून राहिली. एवढीशी होडी, तिच्यावर परका खलाशी ठेवणं परवडणारं नव्हतं. तुझा भाऊ पलंगावर पडून पत्र्याकडं बघत राहायचा. एका सकाळी तू पीठ मळता मळता, माझ्याकडं न बघताच म्हणालीस, "मंगल, तू लहानपनी बापाबरोबर समुद्रात जायचीस ना?"

"जायची."

"दिशा कळते?"

"कळते."

"मग चल."

"आपन दोघी? बाय, गाव काय बोलेल?"

"बोलेल की. आपन जाऊन येऊ तवर त्याचं बोलून होईल."

मोठी तू. दांडी तू धरणार, हे मी धरूनच चालले होते. पहिल्या दिवशी तू सरळ जाऊन पेट्रोलच्या टाकीपाशी बसलीस आणि मला मागं मोटरकडं बोट दाखवलंस. "तुला दिशा कळते, मला आवाज कळतो. ज्याचं त्यानं करावं." घरात जिनं मला कालवणाची चवसुद्धा ठरवू दिली नाही, तिनं समुद्रात सगळी होडी माझ्या हातात दिली. मी तेव्हा काही बोलले नाही. आपल्या घरात असलं कुणी बोलून दाखवत नाही. आज बोलते.

मोटर मुळातच जुनी. तुझ्या भावानं ती पाचूबंदरच्या कुणाकडून तरी वापरलेलीच घेतली होती. पावसाळाभर पडवीत गोणपाटाखाली उभी होती. नारळी पुनवेनंतर लावली, तर दोरी एकदा ओढताच चालू झाली. आपण दोघी एकमेकींकडं बघून हसलो. पण किनारा सुटला, मी रेस दिली, आणि अर्ध्यावर जाऊन ती अडली. आवाज वाढायचा, मग गळ्यात काही अडकल्यासारखी घरघरायची आणि वेग पडायचा. रेस कमी केली की सुरळीत. परत वाढवली की परत तेच.

बाकीच्या होड्या आपल्याला मागं टाकून जायच्या, जाता जाता हात करायच्या. येताना आपण शेवटी. लिलाव उरकलेला, बर्फाचं पाणी वाळूत मुरलेलं, घेणाऱ्या बायका टोपल्या उचलून रिक्षांकडं निघालेल्या. आपली कोळंबी कितीही ताजी असली तरी ती उरलेली कोळंबी. मी वाकून टोपल्या धुवायची, म्हणजे कुणाच्या तोंडाकडं बघायला नको.

किनाऱ्यावर प्रत्येकाकडं औषध होतं. प्लग बदला म्हणाले, बदलले. पेट्रोलमध्ये पाणी असेल म्हणाले, तर टाकी ओतून, धुऊन, उन्हात वाळवली. झाकणावरचा हवेचा स्क्रू घट्ट राहिला असेल म्हणाले, तो सैलच होता. पंखा काढला तर आत जाळ्याचा नायलॉन गुंडाळलेला निघाला. आपल्याला वाटलं, सापडलं! तो दोरा तू पदराच्या टोकाला बांधून घरी आणलास, भावाला दाखवायला. पण दुसऱ्या दिवशी मोटर परत अर्ध्यावरच. मग विरारच्या मेस्त्रीनं कार्बोरेटर खोलून साफ केला, पाण्याच्या ड्रमात मोटर उभी करून चालवली आणि एकदम मस्त चालतेय म्हणून परत दिली. ड्रमात मस्तच चालायची. ड्रमात तिला कुठं जायचं नव्हतं.

तुझा भाऊ आत पलंगावरून ओरडायचा, "बाईच्या हाताला मोटर ओळखत नाय." एकदा तू आत जाऊन त्याला म्हणालीस, "बाबू, तुझ्या हाताला ओळखते ना? मग ऊठ. उचल तिला." तो भिंतीकडं तोंड करून झोपला. तू बाहेर आलीस आणि तुळशीमागं उभी राहून रडलीस. मी ते बघितलं, आणि बघितलं नाही असं दाखवून विहिरीकडं गेले.

माझं म्हणणं एकच होतं. मोटर म्हातारी झाली, विकून टाकू.

"म्हातारी झाली म्हनून कोन अडत नाय," तू म्हणायचीस. "आत काय तरी एक बिघडलंय."

"काय?"

"ते ठावं असतं तर तुझ्याशी बोलत बसले असते?"

मग तो ओहोटीचा दिवस आला. आपल्याला परत निघायला उशीर झाला होता. खाडीचं पाणी बाहेर ओढत होतं आणि वारा समोरून. मी किनाऱ्यावरचं एक सुरूचं झाड नजरेत धरून दांडी पकडली होती. मोटर घरघरत होती आणि झाड जागचं हलत नव्हतं. मग ते हळूहळू उलट्या बाजूला सरकायला लागलं. म्हणजे आपण मागं चाललो होतो. तू वल्हं घेतलंस. मी ओरडले, नांगर टाक. तू टाकलास, पण खाली नुसती वाळू, तो धरेना. तुझ्या चेहऱ्यावर मी भीती शोधत होते, म्हणजे मलाही घाबरायला मोकळीक मिळाली असती. तू नुसती वल्हं मारत होतीस, दात आवळून.

तेवढ्यात जनूची होडी आली. आपला शेजारी जनू, ज्याच्या बोंबील सुकवायच्या वलांड्या आपल्या अंगणात शिरल्या म्हणून त्या घराशी आपलं बोलणं बंद होतं. त्यानं दोर फेकला. तो माझ्या पायाशी पडला आणि मला उचलवेना.

"मंगल, धर."

"त्याचा?"

"दोर हाय तो. धर!"

जनूच्या होडीमागं बांधलेल्या वासरासारख्या आपण किनाऱ्याला लागलो. सगळा किनारा बघत होता. मी पदर इतका खाली ओढला की मला फक्त माझे पाय दिसत होते. तू मात्र ताठ बसून होतीस, मिरवणुकीत बसावं तशी. उतरलीस आणि सरळ जनूपुढं जाऊन म्हणालीस, "बरं झालं आलास रे. नायतर आज आम्ही गुजरातला जेवायला." जनू हसला. त्याची बायको हसली. वलांड्यांचं भांडण तिथंच वाळूत मिटलं, आणि मी अजून पदराखालीच होते.

त्याच्या नंतरच्या फेरीला तुला ते सापडलं. टाकीतून मोटरकडं जाणाऱ्या नळीत एक रबरी फुगा असतो. मोटर चालू करण्याआधी तो दाबायचा, म्हणजे पेट्रोल पुढं जातं. एकदा चालू झाली की त्याच्याकडं कोण बघतं? मोटर अडली होती, तू वैतागून हात टेकलास, तो फुग्यावर पडला.

"मऊ लागतो ग," तू म्हणालीस आणि दाबलास.

मोटर गरजली. होडीचं तोंड वर उठलं. मी दांडीवरून पडता पडता वाचले.

"काय केलंस?"

"दाबला."

"परत दाब!"

तू दाबलास. सोडलास, मोटर घरघरली. दाबलास, पळाली. आपण दोघी लहान पोरींसारख्या ते करत राहिलो, आणि करता करता जनूच्या होडीला मागं टाकून गेलो. तू इतकी हसलीस की मागं कलंडलीस आणि तुझे पाय वर. एवढ्या वर्षांत तुला तशी हसताना मी पहिल्यांदा बघितलं. तुझा एक दात पडलेला आहे हेसुद्धा मला तेव्हा कळलं.

मग मोसमभर तेच. दाब, सोड, दाब, सोड. जाताना तसं, मग जाळं ओढायचं, मग येताना परत तसं. उजवा हात दमला की डावा. फुगा नेहमी पेट्रोलनं ओलसर. तुझ्या तळव्याची कातडी सोलली, तेव्हा तू फडकं गुंडाळलंस. फडकं घसरायचं, म्हणून काढून टाकलंस. संध्याकाळी खोबरेल लावून हात मांडीखाली धरून बसायचीस, भावाला दिसू नये म्हणून. आपण लिलावाला वेळेवर पोचायला लागलो. लोकांना वाटलं, मोटर दुरुस्त झाली. आपण कुणाला काही सांगितलं नाही. मला सांगायची लाज वाटायची. तुला गरज वाटायची नाही, असं मी तेव्हा समजत होते.

चांगले दिवस होते ते, बाय. हे लिहिताना पण हात अडखळतो, पण होते. जाळं टाकून वाट बघत बसायचो तेव्हा तू भाकरीचा तुकडा मोडून आधी मला द्यायचीस. तुझ्या नवऱ्याबद्दल तू मला तिथंच सांगितलंस. तो शीळ घालत घरी यायचा आणि शीळ ऐकून तू चुलीवरचा तवा खाली उतरवून दारात जायचीस. घरात, चार भिंतींत, तू मला ते कधीच सांगितलं नसतंस.

आणि त्या मोसमात तू माझ्या कालवणात चिंच पिळायची बंद झालीस. मी मनातून फुलून गेले होते. मला वाटलं, माझ्या हातची चव शेवटी हिला पटली. पिळायला तुझ्या हातात जोरच उरला नव्हता, हे माझ्या डोक्यात आता येतं.

एका दुपारी आपण पडवीत जाळं शिवत बसलो होतो. तू सुई थांबवून म्हणालीस, "मंगल, मी विचार केला. टाकी ठीक. नळी ठीक. फुगा दाबला की पळते. म्हनजे मोटरच्या अंगाला जो पंप हाय, तो पेट्रोल ओढत नाय. आत रबराचा पडदा असतो म्हनतात. तो गेला असेल. उघडून बघू."

"आता?"

"मग कवा?"

"मोसम संपू दे ना, बाय. मधेच खोलली आनि परत बसली नाय तर? घरी बसायचं?"

तू तुझा हात बघितलास. उलटा, मग सुलटा. मग जाळ्याचं भोक परत हातात घेतलंस.

"बरं," म्हणालीस. पुन्हा कधी विषय काढला नाहीस.

माझं म्हणणं चूक नव्हतं. हेच मला जास्त टोचतं. किनाऱ्यावर कुणालाही विचारलं असतं तरी तो म्हणाला असता, मंगलचं बरोबर आहे, भर मोसमात चालती मोटर कोण उघडतं? पण ती चालती कुठं होती? तू तिला चालवत होतीस. मी तुझा हात मोटरचाच एक भाग धरून टाकला होता, जसा पंखा, जशी नळी. तू वाद घालायला हवा होतास, बाय. जनूसमोर बोललीस तशी माझ्यासमोर बोलायला हवी होतीस. "बरं" म्हणून तू मला मोकळं सोडलंस, आणि आता त्या एका शब्दाशी मी रोज भांडते.

मोसम संपायच्या आधीच तू गेलीस. दुपारी ओट्यावर मांदेली साफ करत होतीस. छातीत कळ आली म्हणालीस आणि पाणी मागितलंस. जनूनं रिक्षा आणली. विरारला पोचलो तेव्हा तू शुद्धीवर होतीस. सलाईन लावायला नर्सनं तुझा हात धरला, उलटा केला, आणि तळवा बघून थांबली.

"आजी काय काम करतात?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "काय नाय. घरीच असतात."

तू डोळे उघडलेस. माझ्याकडं बघितलंस. रागानं नाही, रागानं बघितलं असतंस तर मला सोपं गेलं असतं. मग डोळे मिटलेस, ते परत कुणासाठी उघडले नाहीत.

का म्हटलं मी तसं? मला वाटलं, ती म्हणेल या वयाच्या बाईला तुम्ही होडीत नेता? एका अनोळखी पोरीसमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून मी तुझा सगळा मोसम पुसून टाकला, आणि तू ते ऐकलंस. शेवटचं ऐकलंस ते हेच.

अस्थी किल्ल्यापलीकडच्या पाण्यात सोडायच्या ठरल्या. जनू म्हणाला, माझी होडी घ्या. मी म्हटलं, बायची होडी असताना दुसऱ्याची कशाला? बोलून गेले आणि मग लक्षात आलं, फुगा कोण दाबणार? तेव्हा मी तुझ्या भावाला पहिल्यांदा सगळं सांगितलं. तो पलंगावर उठून बसला. मग म्हणाला, "मी बसतो तिथं."

"नको."

"मग तू बस, दांडी जनू धरेल."

"नको म्हनते ना."

तुझ्या जागेवर मला कुणाला बसवायचंच नव्हतं. मला स्वतःला पण तिथं बसवेना. म्हणून मी मोटर खोलली.

तुझा भाऊ कमरेला पट्टा बांधून पाटावर बसला. दोन्ही हातांची ओंजळ केली. मी काढीन तो स्क्रू त्या ओंजळीत टाकत होते, आणि तो देवाचं तीर्थ धरावं तसा हात न हलवता बसला होता. पंप असून असून केवढा? काडेपेटीएवढा. झाकण उघडलं, आत पडदा होता, तू म्हणाली होतीस तसाच. बोटानं दाबून बघितला तर जुन्या पापडासारखा कडक. जनूनं विरारहून नवा आणून दिला. तो बसवून झाकण लावायला मला भाकऱ्या थापायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

तुझ्या भावानं जुना पडदा उजेडाला धरून बघितला. "एवढ्यासाठी?" तो म्हणाला. माझ्याकडं बघून म्हणाला नाही. मी उठून परसात गेले आणि भांडी नसताना राख घेऊन दगड घासत बसले.

मोटर बसवली होती, पण पाण्यात चालवून बघितली नव्हती. सुतकात कुठं जाणार? म्हणून त्या दिवशी किल्ल्याच्या कोपऱ्यापर्यंत मी तिला हळूहळूच नेली. मग समोर मोकळं पाणी आलं आणि वाटलं, बघू तर. रेस दिली. माझी नजर फुग्यावर होती. तिथं कुणी नव्हतं. मी घरघरीची वाट बघत होते. ती आली नाही. होडीचं तोंड उचललं, दोन्ही बाजूंनी पाणी फाटत गेलं, आणि मोटर गात सुटली. एवढे महिने आपण ज्याच्यामागं लागलो होतो ते झालं होतं, आणि ते ज्या बाईला सांगायचं तिलाच मी ओरडून सांगितलं. तू मडक्यात आहेस हे मी विसरले होते. खरंच विसरले होते, बाय. तू टाकीपाशी बसली आहेस आणि आता हसून मागं कलंडशील, असंच मला त्या क्षणी वाटलं.

मग मडकं दिसलं. मी रेस सोडली. मागच्या होड्या येऊन पोचल्या. पुढं सगळं रीतीनं झालं. तुझ्या भावानं तुला पाण्यात सोडलं, शेवंतीनं फुलं टाकली. मी परत येईपर्यंत दांडीवरची नजर वर केली नाही.

तेरावं झालं आणि परवा मी राजोडीला गेले, माफी मागायला. तुझा दीर घरी नव्हता. शेवंतीनं आत बोलावलं, चहा ठेवला. मी म्हटलं, "वयनी, त्या दिवशी माझं चुकलं. मोटर पळाली आनि तोंडातून निघून गेलं."

ती कप पुसता पुसता थांबली. "तेच मला समजत नाय. मोटर पळाली म्हनून एवढं काय? ती तर कवाची पळत होती ना?"

"कोन म्हनालं?"

"बायच सांगायची. दिवाळीला आली तेव्हा सांगितलं, शिमग्याला आली तेव्हा पन तेच. आमच्या मंगलनं मोटर दुरुस्त केली, मेस्त्रीला जमलं नाय ते मंगलला जमलं, आता आमची होडी सगळ्यांच्या पुढं असते. आम्ही म्हनायचो पन, बाय आता भावजयीचे गोडवे गाते." शेवंती हसली. "हात बांधलेला दिसला म्हनून विचारलं, तर म्हनाली, तेलानं भाजला."

तिनं चहाचा कप माझ्या हातात दिला. तुझी ती लबाडी तशीच ठेवली असती, तर राजोडीत माझी मान वरच राहिली असती. शेवंतीला काही कळलं नसतं. मला एक क्षण मोह झाला, हेही तुला सांगते.

मी कप खाली ठेवला. "वयनी, मी नव्हती केली दुरुस्त," म्हटलं, आणि सगळं सांगितलं. ओहोटीचा दिवस, फुगा, पडवीतलं ते "बरं", नर्सला मी काय म्हटलं ते. सांगता सांगता माझा हात हवेत आपोआप उघडत होता, मिटत होता.

"जाताना-येताना?" शेवंतीनं विचारलं.

"जाताना-येताना."

"सारा मोसम?"

"सारा मोसम."

ती माझ्या हाताकडं बघत राहिली. मग पुढं होऊन तिनं तो धरला आणि थांबवला. "पुरे," म्हणाली. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, तुझा दीर दारात येईपर्यंत. मी उठून निघाले तेव्हा आतून तिचा आवाज येत होता, ती त्याला सांगायला लागली होती.

त्याच्याकडून ते राजोडीभर होईल, आणि तिथून अर्नाळ्यात यायला वेळ लागणार नाही. किनाऱ्यावर सगळ्यांना कळेल की त्या मोसमात आपली होडी कुणामुळं पुढं होती, आणि जिनं ते चालू दिलं ती कोण. तुला आवडणार नाही, माहीत आहे. रागवायचं तर रागव, बाय. या वेळी तुझं "बरं" मला नको. तुझ्या हाताचं काम मी माझ्या नावावर ठेवणार नाही.